तटावरची उलटी फेरी

क्रोएशियात दुब्रोव्निकच्या तटबंदीवर प्रत्यक्ष गेलं, तर एकाच दिशेनं चालावं लागतं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पडद्यावर ही सक्ती नाही. गूगलच्या नकाशावरचा पिवळा माणूस उचलायचा, तटावर सोडायचा आणि हवं तिकडे वळायचं. मी सुरुवात करते मिंचेता बुरुजापासून. तटावरची ही सर्वांत उंच जागा, अख्खं जुनं शहर पायाखाली.

बहुतेकांचा माऊस लगेच समुद्राकडे वळतो. एड्रियाटिकचं पाणी निळंशार आहे खरं, पण पडद्यावर ते दोन मिनिटांत पाहून होतं. बघायची ती छपरं. कौलं आपल्या कोकणातल्या जुन्या नळीच्या कौलांसारखी अर्धगोल. चित्र मोठं केलं की रंग वेगळे होतात. काही छपरं फिकट, मातकट, डागाळलेली. बरीचशी मात्र एकसारखी भडक केशरी. ही केशरी कौलं युद्धानंतरची. ऑक्टोबर १९९१ मध्ये शहराला वेढा पडला आणि ६ डिसेंबरला सर्वांत भीषण तोफमारा झाला. जुन्या शहरातल्या दर तीन इमारतींमागे साधारण दोन इमारतींना त्या वेढ्यात मार बसला. १९७९ पासून जागतिक वारसा असलेलं हे शहर १९९८ पर्यंत युनेस्कोच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत होतं. प्रत्यक्ष तटावर मागची रांग ढकलत असताना एकेक छप्पर असं निरखायला कोण थांबू देणार?

कोपऱ्यातली तारीख मात्र आधी वाचावी. नवी कौलंही उन्हापावसानं फिकी पडतात, आणि चित्र कधीचं हे कळल्याशिवाय रंगावरून वय सांगणं धाडसाचं. शिवाय ही दृश्यं अनेक भिंगांतून टिपून संगणकानं जोडलेली असतात. सांध्यावर एखाद्या पर्यटकाचा पाय धडापासून तुटलेला दिसतो. माणसांचे चेहरे यंत्रच पुसट करतं, आणि त्या भरात कधी एखाद्या पुतळ्याचाही.

एक गोष्ट पडद्यावर अजिबात उमटत नाही, ती म्हणजे चढ. तटाची फेरी १९४० मीटरची, पायऱ्यापायऱ्यांची, सावली अगदी थोडी. इथे प्रत्येक पायरी एका क्लिकची. तेव्हा गुडघ्यांची तक्रार असलेल्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर ही फेरी बघून तिकिटं काढू नका; तटावर नुकतंच चालून आलेल्या कुणाला तरी विचारा.