देवदत्त आणि थिओडोरोस

‘दत्त’ म्हणजे दिलेला. अत्रिऋषींच्या तपाने संतुष्ट होऊन भगवंतांनी स्वतःलाच त्यांच्या स्वाधीन केले, म्हणून ते दत्त, अशी भागवतातील उपपत्ती आहे. मार्गशीर्षातील दत्तजयंती आणि ख्रिस्ती बांधवांचा नाताळ हे उत्सव बहुधा थोड्या दिवसांच्या अंतराने येतात. त्या निमित्ताने या नामाचा एक दूरदेशीचा गोतावळा वाचकांपुढे मांडावा, असे मनात आले.

संस्कृत व्याकरणाच्या उंबरठ्यावरच विद्यार्थ्याला भेटणारा गृहस्थ म्हणजे देवदत्त. ग्रीक भाषेत त्याचा जुळा भाऊ आहे थिओडोरोस. ‘थिओस’ म्हणजे देव, ‘डोरॉन’ म्हणजे दान. येथे सावध राहिले पाहिजे. ‘थिओस’ आणि ‘देव’ कानाला जवळचे वाटतात, म्हणून ते एकच असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भाषाशास्त्राला ते मान्य नाही. आपल्या ‘द्यौः’चे ग्रीक भावंड म्हणजे ‘झ्यूस’. ‘डोरॉन’ मात्र निःसंशय आपल्या ‘दा’ धातूच्याच कुळातले. थिओफिलोस म्हणजे देवप्रिय, फिलिप्पोस म्हणजे अश्वप्रिय. त्यातील ‘हिप्पोस’ आणि आपला ‘अश्व’ एकाच मुळाचे. समासाची घडणही आपल्याला घरचीच वाटावी अशी.

मोरया गोसावींच्या चिंचवडापासून चाकणपर्यंत आज कारखान्यांची रांग आहे. तेथील हजेरीपटावर स्टीफन, फिलिप, जॉर्ज, पीटर ही नावे सहज आढळतात आणि आपण त्यांना ‘इंग्रजी नावे’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः ती ग्रीक आहेत. स्टेफानोस म्हणजे विजयमाला, मुकुट. 1616 साली गोव्यात मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या आडनावात तीच माला आहे. येशूने आपल्या सायमन नामक शिष्याला अरामी भाषेत ‘केफा’, म्हणजे खडक, म्हटले. त्याचे ग्रीक भाषांतर ‘पेत्रोस’, आणि त्यावरून पीटर. जॉर्ज म्हणजे भूमी कसणारा. सिरियाक परंपरेतून केरळात गेलेले त्याचेच रूप म्हणजे वर्गीस. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणात आज यंत्रापाशी उभा असणारा वर्गीस नावाने शेतकरीच आहे!

येशूची बोली अरामी होती. परंतु त्याच्या अनुयायांचे ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिले गेले. त्या भाषेतील नावांत जुन्या देवता ठायी ठायी वसलेल्या होत्या. मग नव्या पंथात आलेल्यांनी नावे टाकली काय? आरंभी टाकली नाहीत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात फीबी आहे, हर्मीस आहे, समुद्रदेवतेचे नाव धारण करणारा नीरियसही आहे. त्याचा एक सहकारी एपाफ्रोडिटस. त्याच्या नावात तर साक्षात रतिदेवता अफ्रोडाइटी. ओनेसिमस या दासाविषयी लिहिताना पौलाने त्याच्या नावाच्या ‘उपयोगी’ या अर्थावर श्लेषही साधला आहे. नावाविषयी त्यांच्या मनात किंतु दिसत नाही.

पुढे मन पालटले. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष डायोनिसियस लिहितो की, श्रद्धावंतांच्या घरी पुष्कळ मुलांना पौल आणि पेत्र ही नावे ठेवली जातात. हे लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव मद्यदेवता डायोनिससवरून आलेले होते! त्यानंतर इ. स. 310 च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील कैसरिया नगरात पाच इजिप्शियन ख्रिस्ती रोमन अधिकाऱ्यापुढे उभे करण्यात आले. मातापित्यांनी ठेवलेली देवतावाचक नावे त्यांनी टाकून दिली होती. विचारल्यावर त्यांनी एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल आणि दानिएल अशी प्राचीन संदेष्ट्यांची नावे सांगितली. गाव कोणते, तर म्हणाले यरुशलेम. त्यांच्या मनात स्वर्गीय नगरी होती, अधिकारी नकाशावर शोधत राहिला. अखेर पाचांचाही शिरच्छेद झाला. इतिहासकार युसेबियसने हे नोंदवून ठेवले आहे.

आपल्या भूमीत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला दिसतो. विदिशेजवळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडध्वज उभारणारा यवन राजदूत हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवितो, पण नाव ग्रीकच ठेवतो. अर्थ लावला तर सूर्यदत्त. उलट नाशिकच्या लेण्यातील दाता योनक, म्हणजे यवन, असून नावाने इंद्राग्निदत्त आहे. त्याचे गाव दत्तामित्री, आणि ते डिमीट्रियस राजाच्या नावावरून पडले असावे, असे विद्वान मानतात. आमच्या वाटेवरच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत, आणि ती नावे सिंहध्वज, यशोवर्धन अशा एतद्देशीय वळणाची आहेत.

अलीकडचे उदाहरण रेव्हरंड टिळकांचे. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरादारावर आकाश कोसळले, पत्नीची ताटातूट झाली. परंतु नारायण वामन हे नाव जसेच्या तसे राहिले. 1900 साली पत्नीनेही तोच मार्ग धरला, आणि लक्ष्मी लक्ष्मीच राहिली. अजामिळाख्यान लावले की मला हे घर आठवते. अजामिळाने पुत्राला हाक मारली आणि नारायणाचे दूत धावून आले. ख्रिस्ती झालेल्या या घरीही ते नाम उंबरठ्याबाहेर गेले नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र ‘स्मृतिचित्रे’त पतीला ‘टिळक’ असेच म्हटले आहे. धर्म पालटला तरी पतीचे नाव न घेण्याची रीत काही त्यांनी सोडलेली दिसत नाही.