दोन विषाणूंची युति आणि रताळ्याचें पीक

रोगास दाद न देणारी जात लाविली म्हणजे आपण निर्धास्त झालों, असा पुष्कळ बागाईतदारांचा समज असतो. तो एका शत्रूपुरता खरा ठरतो. दोन शत्रु एकत्र आले म्हणजे काय होतें, याचा बोधप्रद दाखला पूर्व आफ्रिकेंतील युगांडा देशांत सांपडतो. तेथें रताळें हें केवळ एकादशीचें फराळाचें नव्हे, तर नित्याचें अन्न आहे.

या पिकास दोन विषाणु विशेषेंकरून लागतात. पहिल्याच्या योगानें पानांवर पिसासारखे फिकट चट्टे उठतात. त्याचा प्रसार मावा करितो. दुसऱ्यानें पानें पिवळीं वा जांभळीं पडून वेल कांहींसा खुजा राहतो. त्याचा प्रसार पांढरी माशी करिते. पहिला एकटा असतां तेथील जाती त्यास दाबून ठेवितात. बहुधा पानांवर खूणही दिसत नाहीं. परंतु दुसरा येऊन मिळाला कीं पानें अरुंद व वेडींवांकडीं होतात, वेल खुरटतो, आणि शेंकडा ९० पर्यंतही पीक बुडूं शकतें.

असें कां व्हावें? शिरलेल्या विषाणूस ओळखून त्याचे तुकडे करण्याची योजना वनस्पतीच्या पेशींत असते. दुसरा विषाणु असें एक द्रव्य निर्माण करितो कीं, त्यानें ही योजनाच लंगडी पडते. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोहोंची लागण झालेल्या वेलांत पहिल्याचें प्रमाण निदान ६०० पट वाढलें. दुसऱ्याचें मात्र वाढलें नाहीं. पुढें २००९ सालीं संशोधकांनीं तें द्रव्य निर्माण करण्याचा गुण तेवढा वेलांत उतरविला. तेव्हां दुसरा विषाणु नसतांही वेलांचा प्रतिकार ढासळला. गडाचा दरवाजा आंतून उघडून देणारा फितूर तो हाच!

यावरून रोगप्रतिकारक जात निरुपयोगी, असें कोणी समजूं नये. तिला राखणीची जोड पाहिजे, इतकेंच. रताळ्याची लागण वेलाच्या तुकड्यांनीं होते. म्हणून रोगट वेलाचें बेणें म्हणजे विकत घेतलेला रोगच होय. वेलांत शिरलेला विषाणु कोणत्याही फवाऱ्यानें निघत नाहीं. यास्तव बेणें निरोगी व जोमदार वेलांचेंच घ्यावें, नवी लागण जुन्या रोगट मळ्यापासून दूर करावी, आणि खुरटलेला वेल दिसतांच उपटून नष्ट करावा. एका शत्रूस वेळींच रोखिलें, तर दुसऱ्याशीं झुंजण्यास पीक स्वतः समर्थ असतें.