पत्र्यातली चांदणी

"मामा, आत या," सुपरवायझर म्हणतो आणि माझ्या मागोमाग ट्रकच्या बॉडीत चढतो. बाहेरचा पोरगा दोन्ही दारं ओढून घेतो. ३२ फूट लांब, ८ फूट रुंद पत्र्याच्या पेटीत आम्ही दोघं मिट्ट काळोखात उभे आहोत. मागच्या फेरीला साबण होता. त्याचा वास राहिला तर खाण्याचा माल भरत नाहीत, म्हणून सकाळी झाडून दारं दोन तास उघडी टाकली होती. तरी नाकाला थोडा लागतोच. त्याच्या लक्षात येऊ नये एवढंच मनात.

तो मात्र वर बघतोय. श्रावणातलं ऊन तासभर पडलंय, ते जायच्या आत ही तपासणी उरकायची. छताला, कोपऱ्याला, दाराच्या रबराला कुठे उजेडाचा टिपका दिसला तर तिथून पाणी येणार.

"ती बघा चांदणी."

डाव्या कोपऱ्यात, केबिनच्या बाजूला. मोहरीएवढी. अमळनेरला गल्लीतून गाडी काढताना बाभळीची फांदी घासली होती, तिचंच काम.

"लावतो एमसील. लगेच."

"वर चढायचं नाही हां. परवानगी नाही."

भिवंडीतल्या या नव्या गोदामांत गाडीच्या टपावर चढू देत नाहीत. पडलात तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न चूक नाही. पण भोक बाहेरून बुजवायचं असतं. आतून लावलेल्या लगद्यावर पावसाचं पाणी साचतं आणि वाट शोधत बसतं. दोन वड्या मळतो, टाचा उंचावून आतून दाबतो. चांदणी विझते. सुपरवायझर मान डोलावतो. माझा नाही विश्वास बसत.

मी इथे सकाळी सातला आलोय. टोकन २३. चावी गेटवर जमा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा. ड्रायव्हरला बसायला एक पत्र्याची शेड, तिच्यात पंखा आहे, वीज असली तर फिरतो. कोणी झोपलंय, कोणी मोबाइलवर कुस्त्या बघतंय, एक जण धुतलेली बनियन साइड मिररला वाळत घालतोय. शेठचा तिसऱ्यांदा फोन येतो.

"भरली का रे?"

"नाही शेठ, आत्ता डॉकला लागतेय."

"एवढा वेळ?"

जसं काही मीच लावलाय. आमचा हिशोब फेरीवर आहे. गाडी फिरली तर पैसे. दोन दिवस उभं राहिल्याचे पैसे, होल्टिंग, मिळालंच तर ते मालकाच्या खात्यात जातं.

चार वाजता माल चढायला लागतो. चिप्स. ११८० खोकी आणि वजन जेमतेम साडेतीन टन. बॉडी छतापर्यंत ठासून भरते आणि गाडीला पत्ताच नाही. तेलाचे डबे असले की गाडी दबून, शहाण्या बैलासारखी चालते. हा माल घाटात ब्रेकला बरा, पण वाऱ्याला वाईट. ३२ फुटांची भिंत घेऊन आडव्या वाऱ्यात शिरायचं म्हणजे शीड लावून रस्त्यावर निघण्यासारखं.

सात वाजता दारं बंद होतात, सील ठोकतात, त्याचा नंबर बिल्टीवर. आता हे दार जळगावलाच उघडणार. ई-वे बिल हातात येतं. २०० किलोमीटरला एक दिवस, तेव्हा ३८० ला दोन दिवसांची मुदत. आत काय आहे ते मी मोजलेलं नाही, पण कमी भरलं तर मलाच विचारतील.

मानकोलीच्या नाक्यावर दीड तास जातो. पडघ्याला पाऊस सुरू होतो आणि त्या क्षणापासून माझा एक कान मागे लागलाय. पत्र्यावर पाऊस तडतडतोय. डाव्या कोपऱ्यात नक्की काय चाललंय ते ऐकू येत नाही, बघताही येत नाही. सील तोडलं तर नोकरी जाईल, नाही तोडलं तर खोकी भिजतील.

समृद्धी महामार्गाने गेलो असतो तर जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा कोरडाच पार झाला असता. पण टोल शेठला झेपत नाही, म्हणून जुना कसारा घाट. धुकं, समोरच्या ट्रकचे लाल दिवे, आणि आतून काच धुरकटलेली. आता नव्या बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, माझी गाडी २०१९ ची. एका हाताने फडका फिरवतोय. पूर्वी हे काम किन्नर, म्हणजे क्लीनर, करायचा. शेठने किन्नर ठेवणंच बंद केलंय.

घोटीला चहा. चांदवडच्या पुढे राहुड घाटात वारा एकदा गाडीला खांद्याने ढकलल्यासारखा ढकलतो, मी ती परत ओढून घेतो. मालेगाव, धुळे, पारोळा. रात्र संपते.

पहाटे पाचला जळगावात गोदामासमोर उभा आहे. पुढे तीन गाड्या. हमाल अकराला येतात. आधी वराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या हमालीवरून वाद, मग जेवणाची सुट्टी. वराई मी खिशातून देतो, शेठ पुढच्या फेरीत वळती करील. नाही केली तर आठवण द्यायची, तीही बेताने.

अडीचला गाडी लागते. गोदामवाला सीलचे आकडे बिल्टीशी ताडून बघतो, कटर लावतो. मसाल्याचा वास अंगावर येतो. तो कोपरा सगळ्यात आत, म्हणजे सगळ्यात शेवटी. अडीच तास मी हमालांच्या पायांत घुटमळतो. "मामा, बाजूला व्हा ना," एक जण दोनदा म्हणतो.

शेवटच्या रांगेतल्या खोक्यावर मी आधी हात ठेवतो. कोरडं. त्याखालचं कोरडं. तळातली दोन मात्र वरच्या दाबाने चेपलीत. गोदामवाला पावतीवर लिहितो, "२ डॅमेज".

"साहेब, हे भरतानाच झालंय."

"ते भरणाऱ्याला सांगा."

सही करतो. दोन खोकी कोणाच्या नावावर पडणार ते मला ठाऊक आहे.

बॉडी रिकामी झाल्यावर मी आत जातो आणि दारं आतून ओढून घेतो. बाहेर लखलखीत ऊन आहे. डाव्या कोपऱ्यात एमसीलचा डाग काळाच आहे. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, एक नवीन टिपका. तो छतात आहे की सांध्यात, ते बघायला टाचा उंचावतो, तोच बाहेरून पत्र्यावर थाप पडते.

"ओ ड्रायव्हर, गाडी काढा! मागची लावायचीय."