संकेतस्थळ बांधणीचे हत्यार : कोणते घ्यावे?

आमच्या परिचयाचे एक चामडी पाकिटांचे व्यापारी आहेत. २०१९ साली त्यांनी एका होतकरू तरुणाकडून आपल्या मालाचे संकेतस्थळ करून घेतले. पुढे तो तरुण नोकरीसाठी आखातात गेला. गेल्या वर्षी नवे भाव चढवायची वेळ आली. दुसऱ्या मुलाने संगणकावर नवे नोड बसवले आणि पहिल्याच आज्ञेला काम अडले. "भाव बदलायचा आहे, दुकान पाडून नवे बांधायचे नाही!" असे ते वैतागून आम्हाला म्हणाले.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. ब्राउझरला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टच समजते. कारागीर मात्र काम सोयीसाठी शेकडो तुकड्यांत लिहितो. ते तुकडे जोडून, आटोपशीर करून ग्राहकापुढे ठेवण्याजोगा माल तयार करणारे हत्यार म्हणजे बिल्ड टूल. इथे ते हत्यार वेबपॅकची चौथी आवृत्ती होते. फायलींची ओळख पटवण्यासाठी ते एमडी४ ही जुनी पद्धत वापरी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ मधील ओपनएसएसएल ३ ने ती पद्धत नेहमीच्या वापरातून बाजूला काढली. नोड १६ बसवताच गाडी सुरू झाली, पण त्या आवृत्तीला सप्टेंबर २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणजे ही मलमपट्टीच.

मग घ्यावे काय? नव्या कामाला आम्ही व्हीट सुचवू. इव्हान यू यांनी ते २०२० साली आणले. काम चालू असताना ते सगळे तुकडे आधी जोडत बसत नाही, ब्राउझर मागेल तो तुकडा देते, म्हणून चटकन सुरू होते. वेबपॅक २०१२ पासूनचे, मुरलेले आणि किचकट. ज्यांचे त्यावर नीट चालले आहे त्यांनी केवळ फॅशन म्हणून बदलू नये. पार्सलला मांडामांड फारशी लागत नाही. क्रिएट रिॲक्ट ॲप मात्र आता कोणी सुचवले तर नकार द्यावा, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या मंडळींनीच ते निवृत्त केले.

हत्यारापेक्षा करार महत्त्वाचा. पुष्कळ व्यापारी बांधवांच्या हाती फक्त 'डिस्ट' नावाचा तयार फोल्डर पडतो. तो शिवलेला अंगरखा आहे, त्यावरून बेतणी काढता येत नाही. मूळ फायली, पॅकेज-लॉकची फाइल आणि नोडचा आवृत्ती-क्रमांक लेखी मागून घ्या, मगच शेवटचा हप्ता द्या.

आमच्या पाकीटवाल्यांकडे मूळ फायली होत्या, हे नशीब. पण पाने मोजली तर अवघी नऊ! एवढ्याला बिल्ड टूल कशाला? साधी एचटीएमएल पाने करून दिली. आता त्यांचा थोरला मुलगा रात्री दुकान वाढवल्यावर स्वतःच भाव बदलतो.