शेवाळ काढा, पण आधी वाढवा

*समुद्रापासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या चंदीगडमध्ये खाऱ्या पाण्यातले मासे जगवायचे, तर महागडी यंत्रे एकटी पुरत नाहीत. टाकीखाली मूठभर हिरवे शेवाळही जोपासावे लागते.*

घरात शेवाळ दिसले की आपला हात आपोआप घासणीकडे जातो. न्हाणीघराचा कोपरा असो, पाण्याची टाकी असो की अंगणातला हौद, हिरवा थर म्हणजे अस्वच्छता, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. त्यामुळे दिवाणखान्यातल्या फिश टँकखालच्या कपाटात कुणी मुद्दाम शेवाळ वाढवतो, त्यासाठी वेगळा दिवा लावतो, असे ऐकले की पाहुणे एकमेकांकडे बघू लागतात.

पण खाऱ्या पाण्याचा टँक ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला आहे, ते या शेवाळाला जिवापाड जपतात. कारण ते सुकले, तर वरच्या माशांचे काही खरे नसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

चंदीगडमध्ये हा छंद करायचा तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे १९५१ मध्ये उद्‌घाटन झाले, तेव्हा त्याच्या दारातच समुद्र होता. चंदीगडच्या माणसाला मात्र समुद्राचा प्रत्येक थेंब घरी तयार करावा लागतो. गंमत अशी की, याच भागात कधीकाळी खरोखरचा समुद्र होता. कालका ओलांडून वर चढले की सोलन जिल्ह्यातील सुबाथूच्या परिसरात सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सागरी शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. हिमालय उंचावला आणि तो समुद्र हटला. आता तो परत आणायचा, तर काचेच्या पेटीत!

स्वच्छ दिसणारे पाणी

नव्या टँकची हौस बहुधा काही महिन्यांतच मावळते. मोठ्या उत्साहाने टँक येतो, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश येतात. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून आधी काचेपाशी धावतात. मग एके दिवशी एक मासा खाणे सोडतो, दुसरा कोपऱ्यात धापा टाकू लागतो. पाणी तर काचेसारखे स्वच्छ असते. मग बिघडले कुठे?

बिघाड डोळ्यांना दिसत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा बाधतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे उपयुक्त जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तितके घातक नसते. पण जिवाणूंचे हे काम बहुतेक टँकमध्ये इथेच थांबते आणि नायट्रेट साचत जाते. जोडीला खाद्यातला फॉस्फेट असतोच. मग काचेवर, दगडांवर नको तिथे तंतूसारखे हिरवे जाळे पसरते. नाजूक जीव आजारी पडतात.

समुद्रात असे होत नाही. तिथे अथांग पाणी आहे आणि ही खते खाऊन वाढणारे शेवाळही आहे. टँकमध्ये दोन्ही नसते. अथांग पाणी आपण आणू शकत नाही. शेवाळ मात्र आणू शकतो.

माशांपासून लपवलेली बाग

अडचण अशी की, शेवाळ मुख्य टँकमध्ये टाकले तर अनेक मासे ते फस्त करतात. म्हणून टँकखाली किंवा शेजारी वेगळा कप्पा करतात. पंपाने पाणी या कप्प्यातून फिरून पुन्हा वर जाते. मासे मात्र तिथे पोहोचू शकत नाहीत. या कप्प्याला रेफ्युजियम म्हणतात. आपण त्याला आश्रयघर म्हणू.

आश्रय केवळ शेवाळाला मिळत नाही. त्याच्या गुंत्यात कोळंबीच्या जातकुळीतले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव निर्धास्त वाढतात. त्यांतले काही पाण्याबरोबर वरच्या टँकमध्ये जातात आणि माशांना ताजा घास मिळतो.

ही कल्पना नवी नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या मदतीने पाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली. १९८० मध्ये तिथल्या संग्रहालयात प्रवाळ परिसंस्थेचा जिवंत नमुना प्रेक्षकांसाठी खुला झाला, तोही याच तत्त्वावर. १९९१ मध्ये एडी आणि कॅरेन लव्हलँड यांचे ‘डायनॅमिक अ‍ॅक्वेरिया’ हे पुस्तक आले आणि हा विचार हौशी लोकांपर्यंत पोहोचला.

आश्रयघर किती मोठे असावे? टँकच्या पाण्याच्या दहा ते वीस टक्के जागा मिळाली, तरी सुरुवात चांगली होते. २०० लिटरच्या टँकला २० ते ४० लिटरचा कप्पा पुरे.

कोणते शेवाळ निवडावे?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सागरी शेवाळांची मोठी विविधता आहे. डेन्मार्कचे शैवालतज्ज्ञ ब्योर्गेसेन यांनी १९२७-२८ च्या सुमारास तत्कालीन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर हिंडून त्यांचा अभ्यास केला होता. स्वयंपाकघरालाही ही शेवाळे परकी नाहीत. पुडिंग गोठवण्यासाठी वापरले जाणारे चायना ग्रास लाल शेवाळापासूनच बनते.

टँकसाठी मात्र मोजकीच नावे लक्षात ठेवावीत.

*कीटोमॉर्फा:* नवशिक्यांसाठी सर्वांत भरवशाचे. दिसायला थेट भांडी घासायच्या नायलॉनच्या हिरव्या जाळीसारखे. त्याला मातीची किंवा दगडाची गरज नसते. पाण्यात गुंता सोडून द्यायचा, तो वाढत राहतो.

*कौलर्पा:* द्राक्षांच्या घोसासारखे किंवा पिसासारखे सुंदर दिसते आणि झपाट्याने वाढते. फूटभर पसरलेली ही वनस्पती म्हणजे आत पडदे नसलेली एकच पेशी असते! पण ती लहरी आहे. कधीकधी बीजनिर्मितीच्या वेळी रातोरात पांढरी पडून विरघळते. साठवलेली सारी खते पाण्यात परततात, पाणी दुधाळ होते, प्राणवायू घटतो. म्हणून नवशिक्यांनी तिच्यापासून दूरच राहावे.

*ग्रॅसिलेरिया:* लालसर आणि लुसलुशीत. वाढ बेताची, पण शाकाहारी माशांना खाऊ म्हणून उत्तम.

*अल्वा:* पातळ, हिरव्या पानासारखे. भराभर वाढते आणि मासेही आवडीने खातात.

कोकणात सुट्टीला गेल्यावर खडकावरचे शेवाळ खरवडून आणण्याचा मोह मात्र टाळावा. लाटांच्या माऱ्यात वाढलेले शेवाळ टँकमध्ये बहुधा कुजते. शिवाय मालवणसारख्या भागात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काही उचलणे योग्यही नाही आणि कायद्याला धरूनही नाही. दुसऱ्या छांदिष्टाच्या टँकमधले मूठभर कीटोमॉर्फा सर्वांत चांगले. तेही स्वच्छ खाऱ्या पाण्यात नीट झटकून, काही दिवस वेगळे ठेवून मगच वापरावे. त्यातून नको असलेले खेकडे किंवा दाहक समुद्रफुले येऊ शकतात.

उपाशी शेवाळ काम करत नाही

शेवाळ टाकले म्हणजे काम संपले, असे नाही. तीही शेतीच आहे.

*उजेड:* दिवसाला दहा ते चौदा तास. घरातल्या रोपांसाठी मिळणारा चांगला एलईडी दिवा चालतो. तो रात्री, वरच्या टँकचा दिवा बंद असताना लावावा. रात्री अंधारात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाणी आम्लतेकडे झुकते. खाली दिवा असला की शेवाळ तो वायू शोषून घेते आणि पाण्याचा समतोल टिकतो.

*प्रवाह:* पाणी गुंत्यातून खेळत राहिले पाहिजे. कीटोमॉर्फा हळूहळू गोल फिरत असेल तर उत्तम. फिरत नसेल तर आठवड्यातून एकदा हाताने उलटावे, साचलेला गाळ झटकावा. नाहीतर वरचा भाग हिरवा आणि आतला कुजका, अशी गत होते.

*खुराक:* इथेच अनेकांची चूक होते. नायट्रेट शून्यावर आणण्याच्या नादात ते शेवाळालाच उपाशी मारतात. लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम नायट्रेट आणि अगदी किंचित फॉस्फेट पाण्यात असू द्यावा. लोह, पोटॅशियम यांसारखे घटक पाणी बदलताना नव्या मिठातून मिळतात.

निरोगी कीटोमॉर्फा गडद हिरवे आणि तारेसारखे ताठ असते. ते फिकट पडले, बोटांत कुस्करू लागले तर समजावे, उजेड किंवा खुराक कमी पडतो आहे. त्यावर दुसरेच तंतू चढू लागले, तर प्रवाह वाढवावा आणि ते वेचून काढावेत.

चंदीगडचे पाणी, चंदीगडची हवा

चंदीगडला भाक्राच्या कालव्याचे पाणी येते, काही प्रमाणात कूपनलिकांचेही. पिण्यासाठी ते ठीक. टँकसाठी मात्र त्यातले क्लोरीन आणि क्षार त्रासाचे ठरतात. म्हणून आरओचे पाणी वापरावे. क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असलेले घरगुती यंत्र चालणार नाही. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला वापरता येते.

लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ लागते. म्हणजे २०० लिटरला सात किलो. नंतर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर २० लिटर पाणी आणि ७०० ग्रॅम मीठ. हे मीठ मत्स्यालयांसाठी खास बनवलेले असते. स्वयंपाकाचे मीठ मुळीच चालत नाही.

मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि कोरडा वारा टँकमधले पाणी पिऊन टाकतो. पातळी खाली गेली की अनेक जण खारे पाणी ओततात. इथे घात होतो! पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. त्यामुळे घट भरून काढताना नेहमी गोडे आरओ पाणीच घालावे.

पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर छोटा पंखा लावला, तर कूलरच्याच तत्त्वावर पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते. पण पावसाळ्याच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. तेव्हा खोलीच गार ठेवावी लागते. जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हीटर हवाच. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू द्या. अंधारात शेवाळही प्राणवायू घेते, हे विसरू नका.

आता कात्री चालवा

शेवाळाने खते शोषली, पण ती गेली कुठे? ती शेवाळाच्या अंगात आहेत. ते टँकमध्येच कुजले, तर सारे पुन्हा पाण्यात. म्हणून दर एक-दोन आठवड्यांनी गुंत्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग काढून टाकायचा. माशांनी केलेली घाण टँकबाहेर जाते ती या मुठीतून. कीटोमॉर्फा हाताने तोडले तरी चालते. कौलर्पा मात्र चिरडू नये. तिचा रस पाण्यात उतरतो.

काढलेले शेवाळ दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन थोडे थोडे कंपोस्टमध्ये घालता येते.

पण ते सुखना तलावात, नाल्यात किंवा सहलीला गेल्यावर समुद्रात कधीही टाकू नये. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कौलर्पाच्या एका जातीचा जेमतेम चौरस मीटरचा पट्टा दिसला होता. ती मत्स्यालयातून निसटलेली होती. पुढे ती भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरली. २००० मध्ये तीच कॅलिफोर्नियात सापडली, तेव्हा ती नष्ट झाल्याचे जाहीर करायला २००६ उजाडले.

समुद्र लुटून टँक सजवू नका

या बागेचा आणखी एक फायदा आहे. परदेशात टँक शुद्ध राखण्यासाठी प्रवाळाचे जिवंत दगड सर्रास वापरले जातात. आपल्याकडे मात्र २००१ मध्ये प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले. ते विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. दुकानदार कितीही गोड बोलला, तरी अशा दगडाला हात लावू नये. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड, धीर आणि मूठभर शेवाळ एवढ्यावर टँक उत्तम चालतो. मासेही समुद्रातून पकडलेले न घेता पैदास केलेलेच मागावेत. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या देशातच विकसित केले आहे.

घाई मात्र करू नका. पाणी तयार झाल्यावर चार ते सहा आठवडे जिवाणूंना वाढू द्या. मग शेवाळ आणि सर्वांत शेवटी मासे. मुलांना हा क्रम समजावून सांगा. रंगीत मासा कुणालाही आवडतो. पण त्याच्या घराची स्वच्छता तळाशी, अंधाऱ्या कपाटात वाढणारे एक साधे हिरवे शेवाळ राखते, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला निसर्गाचा हिशेब पुस्तकातून शिकवावा लागणार नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी पाहुणा कपाट उघडून विचारेल, “अहो, हे शेवाळ कसले साचलेय?” तेव्हा मुलेच त्याला ठणकावून सांगतील, “साचलेले नाही काका, वाढवलेले आहे!”