एका मोडलेल्या संघराज्यांतून प्रवास



अमेरिका म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या राहतात, नाहीं तर एकदम दक्षिणेकडील अँडीज पर्वत. ह्या दोन खंडांना जोडणारी जी चिंचोळी पट्टी नकाशावर दिसते, तिच्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ह्या पट्टींत आज सात स्वतंत्र राष्ट्रें नांदत आहेत. आणि सातांचें क्षेत्रफळ एकत्र केलें, तरी तें आपल्या महाराष्ट्राच्या पावणेदोन पट भरत नाहीं. त्यांतील एल साल्वादोर हा देश तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगराहून, थोडासाच मोठा आहे.

अलीकडे ह्या प्रदेशांत सामुदायिक सहली पुष्कळ निघतात. दहाबारा माणसें, एक लहानशी मोटार-बस, एक वाटाड्या आणि दोनतीन आठवड्यांचा अवधि, एवढें भांडवल पुरतें. ग्वातेमाला शहरापासून कोस्टा रिकाची राजधानी सान होसे हिच्यापर्यंतचा हमरस्ता सुमारें बाराशें किलोमीटरांचा आहे. मुंबईहून मोटारीनें दिल्लीस जाणारा मनुष्य ह्याहून अधिक रस्ता तोडतो. पण तेवढ्या अंतरांत प्रवाशाला चार वेळां परराष्ट्रांत पाऊल टाकावें लागतें. सहलींच्या जाहिरातींत ज्वालामुखी, सरोवरें आणि प्राचीन मंदिरें असतात; तीं खरोखरच पाहण्याजोगीं आहेत. मला मात्र आज मुख्यतः बोलावयाचें आहे तें ह्या वाटेवरच्या वेशींविषयीं. त्या कां पडल्या, हें ठाऊक नसेल तर एवढा प्रवास करून मनुष्य केवळ चित्रें घेऊन परत येतो.

स्पॅनिश अमदानींत हा बहुतेक प्रदेश ग्वातेमालाच्या एकाच सुभ्याखालीं होता. १५ सप्टेंबर १८२१ रोजीं त्यानें स्पेनशीं संबंध तोडला; आणि ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा व कोस्टा रिका हे पांचही देश आजही आपला स्वातंत्र्यदिन त्याच तारखेस पाळतात. थोडे दिवस मेक्सिकोच्या साम्राज्यांत काढल्यावर १८२३ सालीं ह्या पांच प्रांतांनीं आपलें स्वतःचें संघराज्य स्थापिलें. भाषा एक, धर्म एक, कायदे बहुतांशीं एक. मग घर मोडावयाचें कारण काय? ग्वातेमाला शहराच्या वर्चस्वाची इतरांना भीति होती. धर्मसंस्थेचे अधिकार ठेवावेत कीं काढून घ्यावेत ह्यावरून दोन पक्षांत हाडवैर होतें. तिजोरी रिकामी होती. आणि एका प्रांतांतून दुसऱ्यांत जाण्यास धड रस्ता नव्हता. हें शेवटचें कारण सामान्यतः ओझरतें सांगितलें जातें, पण मला तें सर्वांत मोठें वाटतें. ज्या राज्यांत हुकूम पोंचण्याच्या आधीं बंड पोंचतें, तें राज्य टिकावें कसें? १८३८ पासून एकेक प्रांत बाहेर पडूं लागला आणि दोनतीन वर्षांत संघराज्य संपलें.

ह्या मोडतोडीच्या ऐन काळांत, १८३९ सालीं, जॉन लॉइड स्टीफन्स नांवाचा अमेरिकन वकील संयुक्त संस्थानांच्या सरकारकडून येथें येऊन दाखल झाला. मध्य अमेरिकेच्या सरकारला आपलीं अधिकारपत्रें सादर करावयाचीं, हें त्याचें काम. पण तें सरकार आहे कोठें, हेंच त्याला कोणी सांगूं शकेना! खेंचरावर बसून तो ह्या गांवाहून त्या गांवीं सरकार शोधीत हिंडला. सरकार कांहीं सांपडलें नाहीं. पण त्या भटकंतींत होंडुरासच्या अरण्यांत कोपान येथील माया लोकांचे भव्य अवशेष त्यानें पाहिले आणि ते चक्क पन्नास डॉलरांना खरेदी केले. त्याचा सोबती कॅथरवुड ह्यानें काढलेल्या चित्रांमुळें माया संस्कृतीची ओळख बाहेरच्या जगाला झाली. सरकार हरवल्याचा एवढा तरी लाभ झाला म्हणावयाचा.

संघराज्य टिकविण्यासाठीं ज्यानें शेवटपर्यंत तलवार चालविली त्याचें नांव फ्रांसिस्को मोरासान. तो जन्मानें होंडुरासचा, संघराज्याचा अध्यक्ष. पराभवानंतर तो परागंदा झाला, पुनः कोस्टा रिकांत परतला आणि ऐक्याचा डाव नव्यानें मांडूं लागला. तेथील लोकांनींच त्याला पकडून गोळ्या घातल्या. ती तारीख होती १५ सप्टेंबर १८४२, म्हणजे स्वातंत्र्याचा एकविसावा वाढदिवस. आपला देह एल साल्वादोरच्या लोकांना द्यावा, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहिलें होतें, व त्याप्रमाणें त्याची समाधि त्या देशाच्या राजधानींत आहे. होंडुरासच्या निशाणावर पांच तारे आहेत ते ह्याच पांच प्रांतांचे. घर मोडलें, पण भिंतीवरची तसबीर कोणी काढली नाहीं.

आतां आपण वाटेस लागूं. प्रारंभ बहुधा ग्वातेमालांतील अँतिग्वा येथून होतो. ही जुनी राजधानी १७७३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झाली आणि राजधानी दुसरीकडे हलविण्यांत आली. त्यामुळें पडक्या मठांचें हें नगर होतें तसेंच राहून गेलें. सवड असेल तर उत्तरेकडील तिकालचीं मंदिरें अवश्य पाहावीं. त्या मंदिरांच्या दारांवर ज्या कोरीव लांकडी तुळया शतकानुशतकें टिकल्या, त्या चिकूच्या लांकडाच्या आहेत. डहाणू-घोलवडचे चिकू आपण घरचेच समजतों. पण त्याचें मूळ रान हें.

ग्वातेमालांत स्पॅनिशखेरीज माया कुळांतील वीसहून अधिक भाषा बोलल्या जातात. बाजारांत हातमागावर विणलेले रंगीत पोलके घातलेल्या स्त्रिया दिसतात. पूर्वीं तर त्या नक्षीवरून बाई कोणत्या गांवची हें ओळखतां येत असे. प्रवाशानें तिचें चित्र घेण्यापूर्वीं तिला विचारावें. आणि हें निव्वळ शिष्टाचार म्हणून सांगत नाहीं. १९६० पासून १९९६ पर्यंत येथें यादवी युद्ध चाललें. त्यांत सुमारें दोन लक्ष माणसें मेलीं वा नाहींशीं झालीं, आणि त्यांत बहुसंख्य माया होतीं. परक्या माणसानें आपल्याकडे रोखून पाहण्याचा अर्थ ह्या खेड्यांतील वृद्धांना निराळा ठाऊक आहे.

होंडुरासच्या सरहद्दीजवळ एस्किपुलास नांवाचें क्षेत्र आहे. तेथील ख्रिस्ताची लांकडी मूर्ति काळीसांवळी आहे. १५९५ सालीं घडविलेल्या ह्या मूर्तीच्या दर्शनास जानेवारींत शेजारच्या सगळ्या देशांतून यात्रेकरू लोटतात. सांवळ्या देवाची ओढ आपणां मराठी लोकांस निराळी समजावून सांगावयास नको. मौज अशी कीं पांच देशांचे अध्यक्ष १९८६ सालीं शांततेचा विचार करण्यासाठीं जमले तेही ह्याच गांवीं. पुढें १९८७ च्या ऑगस्टांत करार झाला आणि त्यासाठीं कोस्टा रिकाचे अध्यक्ष ऑस्कर आरिआस ह्यांना त्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें.

एल साल्वादोरमध्यें शिरतांच शेतें लहान आणि वस्ती दाट होते. कॉफीच्या पूर्वीं ह्या देशाचा पैसा निळींत होता. निळीला स्पॅनिशांत ‘अन्यील’ म्हणतात; तो शब्द अरबांच्या मार्फत आपल्या संस्कृत ‘नील’ शब्दापासून तिकडे गेला. झाड तेथलें, नांव आपलें! सुमारें चौदाशें वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलेलें होया दे सेरेन हें खेडें १९७६ सालीं येथें सांपडलें. त्यांत राजवाडे नाहींत, देवळांचीं शिखरें नाहींत. आहेत त्या शेतकऱ्यांच्या झोंपड्या, भांडीं आणि राखेंत ठसा उमटलेलीं मक्याचीं रोपें. माझ्या मतें तिकालपेक्षां हें स्थळ माणसाला अधिक जवळचें वाटतें. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवून दळावयाचे आणि त्या पिठाच्या भाकऱ्या थापावयाच्या, ही तेथली रीत आज साऱ्या प्रदेशांत चालते. एल साल्वादोरमध्यें त्या भाकरींत चीज किंवा घेवड्याचें सारण भरतात व तिला पुपुसा म्हणतात. होंडुरासचे लोकही ती आपलीच म्हणतात, हें सांगणें नको.

ह्या दोन शेजाऱ्यांचें भांडण मात्र भाकरीवर थांबलें नाहीं. एल साल्वादोरमध्यें जमीन थोडी आणि कुळें फार. म्हणून सुमारें तीन लक्ष माणसें हळूहळू होंडुरासमध्यें जाऊन शेती करूं लागलीं. १९६९ सालीं होंडुरासनें जमिनीच्या नव्या वांटपासाठीं त्यांना हुसकावण्यास आरंभ केला. त्याच जून महिन्यांत दोन्ही देशांचे फुटबॉलचे सामने होते. प्रेक्षकांत मारामाऱ्या झाल्या, आणि १४ जुलैस युद्ध पेटलें. तें सुमारें शंभर तास चाललें. जगानें त्याला ‘फुटबॉलचें युद्ध’ असें नांव देऊन थट्टेवारी नेलें. वस्तुतः तें जमिनीचें युद्ध होतें. तह व्हावयास १९८० साल उजाडलें आणि सरहद्दीचा निकाल हेगच्या न्यायालयानें १९९२ सालीं दिला. तोंवर एल साल्वादोरमध्यें यादवी युद्ध होऊन पाऊणलाखभर माणसें मेलीं होतीं. मार्च २०२२ मध्यें त्या देशानें गुंडांच्या टोळ्यांविरुद्ध आणीबाणी पुकारली. पुढील दोन वर्षांत सत्तर हजारांहून अधिक लोक तुरुंगांत घातले गेले. रस्ते निर्धोक झाले हें प्रवासी आनंदानें सांगतात, आणि तें खरें आहे. चौकशीविना डांबलेल्यांच्या आया तुरुंगाच्या दाराशीं उभ्या राहिल्या, हेंही तितकेंच खरें आहे.

एल साल्वादोरहून निकाराग्वास जातांना होंडुरासचा दक्षिण कोपरा ओलांडावा लागतो. हें अंतर उणेंपुरें दीडशें किलोमीटरसुद्धां नाहीं, म्हणून सहलींच्या बसगाड्या पहाटे एका देशांत निघून दुपारीं दुसऱ्यांत आणि रात्रीं तिसऱ्यांत मुक्काम करतात. २००६ सालीं ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास व निकाराग्वा ह्या चौघांनीं करार करून परक्या प्रवाशास चौघांत मिळून नव्वद दिवसांची मुदत ठरविली. पुष्कळांची येथें फसगत होते. नवी वेस ओलांडली म्हणून नवे नव्वद दिवस मिळत नाहींत. पहिल्या देशांत शिरल्यापासूनच मोजणी चालू होते. कोस्टा रिका ह्या करारांत नाहीं. शिवाय, करार असला तरी नाक्यावर उतरून रांग धरावी लागतेच. आणि मंडळींतील एकाच्या पासपोर्टांत खोट निघाली कीं बाकीच्या अकरा जणांनीं उन्हांत ताटकळावयाचें. म्हणून भारतीय प्रवाशानें प्रत्येक देशाच्या वकिलातीकडे निघण्यापूर्वींच विचारणा करावी.

नाक्यावर नोटांचीं पुडकीं घेऊन सराफ गाडीभोंवतीं जमतात. त्या नोटांचीं नांवें वाचण्यासारखीं आहेत. ग्वातेमालाचें नाणें क्वेत्साल, म्हणजे एक पक्षी. होंडुरासचें लेम्पिरा, म्हणजे स्पॅनिशांशीं लढलेला तेथला सरदार. निकाराग्वाचें कोर्दोबा, म्हणजे तो देश स्पेनसाठीं घेणारा सेनानी. आणि कोस्टा रिकाचें कोलोन, म्हणजे खुद्द कोलंबस. एकानें लढणाऱ्याला मान दिला, दुसऱ्यानें जिंकणाऱ्याला. एल साल्वादोरनें तर २००१ पासून अमेरिकन डॉलरच चालू केला, म्हणजे हा प्रश्नच मिटविला.

निकाराग्वाचें राष्ट्रीय पुष्प पाहून मराठी प्रवासी क्षणभर थबकेल. तो आपल्या देवळापुढचा खुरचाफा! मध्य अमेरिकेंतून निघून तो आपल्याकडे इतका रुळला कीं त्याला परका म्हणवत नाहीं. ह्या देशांत ग्रानादा व लेऑन हीं दोन जुनीं शहरें, समुद्राएवढें सरोवर, आणि त्यांत दोन ज्वालामुखींचें ओमेतेपे बेट. पण इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, विल्यम वॉकर नांवाचा अमेरिकन साहसी पुरुष भाडोत्री सैनिक घेऊन येथें आला आणि १८५६ सालीं चक्क अध्यक्ष होऊन बसला. त्यानें गुलामगिरी पुनः कायदेशीर केली. तेव्हां मात्र भांडणारे पांचही भाऊ एकत्र आले, आणि १८५७ सालीं त्यांनीं त्याला हांकून लावलें. तीन वर्षांनीं तो पुनः आला आणि होंडुरासमध्यें गोळ्या खाऊन मेला.

आतां ह्याच वाटेनें जाणाऱ्या दुसऱ्या एका मंडळीविषयीं सांगितलें पाहिजे. उत्तरेकडे संयुक्त संस्थानांत काम शोधावयास निघालेलीं माणसें ह्याच नाक्यांवरून, पण बहुधा रात्रीं व आडवाटेनें जातात. त्यांत आपलीही माणसें आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरांत एल साल्वादोरनें आपल्या विमानतळावरून जाणाऱ्या भारतीय व बहुतेक आफ्रिकी प्रवाशांवर अकराशें तीस डॉलरांची पट्टी बसविली. त्याच डिसेंबरांत निकाराग्वाकडे निघालेलें एक विमान फ्रान्समध्यें अडविण्यांत आलें. त्यांतील ३०३ उतारूंपैकीं बहुतेक भारतीय होते, आणि २६ डिसेंबरला त्यांतले २७६ जण मुंबईच्या विमानतळावर परत उतरले. सहलीच्या प्रवाशाला जी वेस अर्ध्या तासाचा कंटाळा वाटते, तिच्यासाठीं कोणीतरी गांवचें शेत विकलेलें असतें.

कोस्टा रिकाविषयीं थोडक्यांत सांगतों. १ डिसेंबर १९४८ रोजीं ह्या देशानें आपलें सैन्यच मोडून टाकलें. निकाराग्वाहून आलेल्याला शाळा, पाणी व रस्ते ह्यांतला फरक लौकरच जाणवतो. निकाराग्वाचे हजारों मजूर येथल्या मळ्यांत राबतात ते त्यामुळेंच. भात आणि घेवडा एकत्र परतलेला ‘गायो पिंतो’ सकाळीं दोन्ही देशांत खातात, आणि तो मूळचा कोणाचा ह्यावर दोन्ही देश हिरीरीनें वाद घालतात.

पुढें पनामा. तो ह्या पांच भावांतला नव्हे. १९०३ पर्यंत तो कोलंबियाचा प्रांत होता. कालवा पाहून आणखी पूर्वेस गेलें तर याविसा नांवाच्या गांवीं हमरस्ता एकाएकीं संपतो, आणि दारिएनचें अरण्य सुरू होतें. २०२३ सालीं पांच लाखांहून अधिक माणसें हें अरण्य पायीं तुडवून दक्षिणेकडून ह्या गांवाच्या बाजूस आलीं. सहलीची मोटार मात्र इतक्या दूर येत नाहीं. ती पनामा शहराच्या विमानतळावरच मंडळींना उतरविते.