समुद्राकाठच्या घराला फायबर सिमेंटची भिंत : माल पारखून घ्या

आम्ही कापडाचे व्यापारी. घरबांधणी हा आमचा धंदा नव्हे. तरीही आज या पानावर भिंतीविषयी लिहीत आहोत, कारण एका चुकीच्या सौद्याने आम्हाला धडा शिकवला आहे. कोकणात घर असणाऱ्या, आखाती देशांत राबून गावी घर बांधणाऱ्या आणि अशा घरांवर काम करणाऱ्या सुतार-गवंडी बंधूंना तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

आमच्या बहिणीचे घर रायगड जिल्ह्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाली जांभ्याची भिंत आणि वर लाकडी चौकटीची माडी. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले आणि माडीच्या पश्चिम बाजूचे पत्रे उडून गेले. दुसऱ्या वर्षी तेथे फायबर सिमेंटचे बोर्ड बसवले. माल आमच्याच ओळखीच्या दुकानातून घेतला. दर कमी वाटला म्हणून आम्हीच होकार दिला. दोन पावसाळे गेले आणि प्रत्येक स्क्रूखाली गंजाचा तांबडा ओघळ दिसू लागला. बोर्डांच्या खालच्या कडा फुगल्या, थर सुटू लागले. बहीण म्हणाली, "भाईजान, कापड घेताना तुम्ही सूत मोजता, इथे काहीच कसे पाहिले नाही?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग जाणत्या कारागिरांना विचारले, कंपन्यांची माहितीपुस्तके वाचली. त्यातून जे समजले ते असे.

हा माल आहे तरी काय?

सिमेंट, बारीक वाळू किंवा राख आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू यांचा हा बोर्ड. लाकडाच्या लगद्यातला तंतू म्हणजे सेल्युलोज. कापसातही तेच असते. म्हणजे आमच्याच जातीचा माल सिमेंटात विणलेला! ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी १९०१ साली पातळ सिमेंट पत्रा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा त्यात ॲस्बेस्टॉस होते. ॲस्बेस्टॉसऐवजी सेल्युलोज वापरण्याचे काम १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात पुढे गेले.

ग्राहकाने येथेच सावध व्हावे. बाजारात 'सिमेंट पत्रा' म्हटले की दोन्ही प्रकार एकाच नावाने चालतात. आपल्या देशात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर सरसकट बंदी नाही. बंदीची मागणी २०११ साली सुप्रीम कोर्टाने मान्य केली नव्हती. पण सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून बिलावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे लिहून घ्यावे. जुना पत्रा काढताना तो फोडू नये, करवतीने कापू नये. ओला करून अखंड उतरवावा.

आतला बोर्ड बाहेर लावू नका

सपाट फायबर सिमेंट बोर्डासाठी आयएस १४८६२ हे भारतीय मानक आहे. त्यात ऊन-पावसात उघडा राहणारा माल वेगळा आणि खोलीच्या आत लावायचा माल वेगळा मानला आहे. पहिला टाइप ए, दुसरा टाइप बी. आमच्या गळ्यात आतला माल पडला होता. अस्तराच्या कापडाचा कोट शिवावा, तसा तो प्रकार झाला. दुकानदाराने 'सगळे सारखेच' असे म्हटले तर उठून दुसऱ्या दुकानात जावे.

फायबर सिमेंटला वाळवी खात नाही, ते कुजत नाही, पेटत नाही आणि खारी हवा त्याला लोखंडासारखी गंजवत नाही. हे गुण खरे आहेत. पण ते पाणी शोषते. कोरे कापड धुतल्यावर आटते, तसा हा बोर्डही ओला होताना किंचित फुगतो आणि सुकताना आकसतो. म्हणून दोन बोर्डांमध्ये तीनेक मिलिमीटरची फट ठेवून ती बाहेरच्या कामाच्या लवचीक सीलंटने भरावी. सिमेंटने भरली तर तडा जातो.

कापलेल्या कडेची तुरपाई

कापडाची कापलेली कड तशीच सोडली तर धागे निघतात. बोर्डाचेही तसेच. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाला बसवण्यापूर्वीच प्रायमर लावावा. सिमेंट क्षारयुक्त असल्याने क्षार सोसणारा प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग घ्यावा. पाठीमागची बाजूही कोरी ठेवू नये.

खालची कड जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच वर हवी. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते ते तिथपर्यंत पोचू नये. बोर्ड थेट भिंतीला चिकटवू नये. उभ्या पट्ट्या मारून मागे सुमारे २० मिलिमीटरची पोकळी ठेवावी आणि ती वर-खाली हवेला मोकळी असावी. झडीचा पाऊस कुठून तरी आत शिरणारच. त्याला खाली उतरून जायला वाट हवी.

स्क्रूवर काटकसर नको

समुद्राकाठी बोर्डाआधी स्क्रू मरतो. पिवळसर चमक असलेले साधे स्क्रू तेथे टिकत नाहीत. किनाऱ्यालगत ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ३०४ प्रतीवरही खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग येतात. मागची लोखंडी चौकट असेल तर तिला नुसता रंग न देता जाड जस्ताचा मुलामा करून घ्यावा. स्क्रू कडेच्या फार जवळ मारल्यास कोपरा फुटतो. कडेपासून १२ मिलिमीटर आणि कोपऱ्यापासून ५० मिलिमीटर आत, हा सर्वसाधारण हिशेब. वादळाचा वारा बोर्ड नुसता ढकलत नाही, ओढून काढतो, आणि त्याचा जोर घराच्या कोपऱ्यांवर अधिक असतो. तेथे स्क्रू जवळजवळ हवेत.

आठ बाय चार फुटी, ८ मिलिमीटर जाडीच्या बोर्डाचे वजन तीस किलोच्या वर भरते. दोन माणसांनी तो उभा धरून न्यावा आणि कोरड्या जागी सपाट रचावा.

कारागिराच्या छातीचा विचार

हा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बोर्ड ॲस्बेस्टॉसविरहित असला तरी त्यात सिलिका असते. ग्राइंडरने कोरडा कापला की जी धूळ उडते तिने सिलिकोसिस होतो, आणि गेलेली फुप्फुसे परत मिळत नाहीत. रुईची धूळ छातीत गेली की काय होते, ते आमच्या पिंजारी बंधूंना ठाऊक आहे. म्हणून शक्यतो बोर्डावर टोकदार हत्याराने खोल रेघ ओढून तो मोडावा, किंवा पाणी सोडत मोकळ्या जागेत कापावा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. त्याचा खर्च मालकाने द्यावा. हजारोंचा माल घेणाऱ्याने मास्कसाठी हात आखडू नये.

शेवटी एक प्रामाणिक गोष्ट. जमिनीतून ओल चढत असेल किंवा छप्पर गळत असेल, तर त्यावर बोर्ड लावणे म्हणजे फाटक्या सदऱ्यावर नवे जाकीट घालणे होय. आधी गळती बुजवा, मग बोर्डाचा विचार करा. जांभ्याची भिंत शाबूत असेल तर तिला बोर्डाची गरजच नाही.

बहिणीच्या माडीचे बोर्ड आम्ही पदरचे पैसे घालून बदलून दिले. या वेळी बिल, मानक आणि स्क्रूची प्रत तपासूनच माल गाडीत चढवला.